पी वनच्या पुढचा एक

कारखान्यात पाइप आला की त्याचं नाव वाचणं हे माझं काम. मी कर्जतची. खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात मटेरियल तपासणीला आहे. ट्रक आत आला की मी पाइपच्या टोकाशी उकिडवी बसते, तारेच्या ब्रशनं रंग खरवडते आणि लोखंडात ठोकलेली अक्षरं बघते. नाव बरोबर असेल तर पाइप उतरतो, नसेल तर ट्रक परत जातो.

आमच्याकडं दोघं भाऊ कामाला होते. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाडीतले. थोरला पाइप फिटर, धाकटा वेल्डर. अख्खा कारखाना त्यांना थोरला आणि धाकटाच म्हणायचा, मीही. थोरला गप्प माणूस. धाकट्याला मात्र प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. एकदा चहाच्या सुट्टीत तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मॅडम, लोखंड तर एकच ना? मग याला एवढी नावं कशाला?"

मी म्हटलं, "प्रत्येक देशानं आपापली ठेवली. आपल्याकडच्या नावात चारशे दहा लिहिलेलं असतं ना, तो पाइप ओढून तोडायला किती ताण लागतो त्याचा आकडा. जर्मनीत जुनं नाव होतं, त्यात सदतीस असायचं. तोही तोडायचाच ताण, फक्त किलोच्या मापात. पुढं युरोपात नावं बदलली. आता तिथं दोनशे पस्तीस लिहितात, पण तो आकडा तुटायचा नाही. किती ताणला की पाइप कायमचा वाकडा होतो, त्याचा."

"आणि ते तेलाच्या लायनीचं? एक्स बेचाळीस, एक्स बावन्न?"

"तेही वाकडं होण्याचंच. अमेरिकन मापात."

तो हसायला लागला. "म्हंजे समद्या नावांत याला कुटवर मारायचं तेच लिवलंय."

"बहुतेक नावांत. बॉयलरच्या पाइपचं तसं नाही. पी वन, पी इलेव्हन, पी ट्वेंटीटू. तिथं पी म्हणजे नुसतं पाइप, आणि पुढचा आकडा म्हणजे नुसता क्रमांक. त्यात ताकद लिहिलेली नाही. कुठल्या क्रमांकात क्रोम, म्हणजे उष्णता सोसायला मिसळलेला धातू, किती, ते पाठ असावं लागतं. पी इलेव्हनमध्ये सव्वा टक्का. पी वनमध्ये क्रोमच नाही."

"मला वाटलं पी वन म्हंजे एक नंबर माल."

"तसंच वाटतं सगळ्यांना. पण पाचशे अंशांच्या वरच्या वाफेला पी वन चालत नाही. आतून हळूहळू सडल्यासारखा होतो. बाहेरून काही कळत नाही."

धाकट्यानं चहा संपवला, पेला उपडा ठेवला आणि म्हणाला, "आमच्या वाडीत पण असंच हाय. मला घरात येक नाव, शाळंत येक आनि रेशन कार्डावर तिसरंच. पोलिसांनी विचारलं तर कुठलं सांगू, ते मलाच ठाव नाय." मग तो वेल्डिंगचं मशीन ओढत निघून गेला. त्याला मी शेवटचं नीट बघितलं ते त्याच आठवड्यात, असाच मशीन ओढत जाताना.

बॉयलरची वाफेची मुख्य लाइन फुटली तेव्हा मी मागच्या यार्डात होते. दुपार होती, जेवणं नुकती झालेली. आधी पायाखालची जमीन दणकली आणि मग आवाज आला. तो आवाज स्फोटासारखा येऊन थांबला नाही, लागून राहिला. कानाच्या आत कुणीतरी पत्रा फाडत राहावं तसा. माझ्या हातातला ब्रश कधी पडला ते कळलं नाही. छपरावरून ॲल्युमिनियमचे पत्रे उडून यार्डात येत होते. त्यातला एक माझ्यासमोर उभ्या असलेल्या टेंपोच्या काचेत घुसला.

मी बॉयलर हाऊसच्या दाराशी पोचले, पण आत जाता येत नव्हतं. एवढी तापलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही. पांढरं दिसतं ते ती थंड व्हायला लागल्यावर. म्हणजे जिथं काहीच दिसत नाही, तिथंच माणूस मरतो. दारातून थोरला आत पळत गेला, तेव्हा मागून दोघंतिघं ओरडत होते. तो डावा हात तोंडावर धरून जिना चढला. वरच्या प्लॅटफॉर्मवर धाकटा ब्रॅकेट वेल्ड करत होता, हे तोपर्यंत सगळ्यांना आठवलं होतं.

ऑपरेटरनं व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा थोरला धाकट्याला घेऊन खाली येत होता. पाइप शेंग फुटावी तसा उभा फाटला होता आणि वाफेनं धाकट्याला उचलून लोखंडी खांबावर आपटलं होतं. डोक्याची मागची बाजू राहिलीच नव्हती. चेहरा मात्र पूर्ण होता. थोरल्यानं त्याला जमिनीवर ठेवलं, त्याचा वेल्डिंगचा चष्मा कपाळावरून खाली ओढून डोळ्यांवर बसवला आणि तिथंच बसून राहिला. त्याच्या स्वतःच्या डाव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत सुटून लोंबत होती. कुणीतरी पाणी ओतलं, तेव्हा त्याला ते कळलं.

कारखान्याच्या बंबानं सगळीकडं पाणी मारलं. अँब्युलन्स आली. धाकट्याला नेलं. थोरल्याला नेत होते, तर तो चढेना.

मग माणसं जमायला लागली. आमच्या पाळीची आणि येणाऱ्या पाळीचीही. पहिल्यांदा नुसता गलका होता. तेवढ्यात मेंटेनन्सचे साहेब ऑफिसातून धावत आले, डोक्यावर हेल्मेटही नव्हतं. पन्नाशीचे, साधे गृहस्थ. त्यांनी विचारलं, "कोण गेलं?" एवढंच. समोरच्यानं उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला.

ते पडले आणि सगळे त्यांच्यावर आले. त्यांना लाथा मारणाऱ्यांत रोज मला नमस्कार करणारी माणसं होती. एकाच्या हातात पाना होता. "देखभालीचे पैसे खाल्ले यानं," कुणीतरी ओरडलं आणि तेच सगळे ओरडायला लागले. खरं तर त्या लाइनची कितीही देखभाल केली असती तरी ती फुटलीच असती, पण ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

सुरक्षारक्षक आणि मी मिळून साहेबांना पाय धरून ओढलं. माझी तपासणीची केबिन जवळच होती. आत घेऊन कडी लावली. साहेबांचे दात ओठातून बाहेर आले होते आणि ते दर वेळी श्वास घेताना शिटीसारखा आवाज करत होते. बाहेरून दार हलत होतं. खिडकीवर पहिला दगड आला तो काचेतून सरळ माझ्या भुवईवर. डोळ्यात रक्त उतरलं आणि मला एका डोळ्यानं सगळं लाल दिसायला लागलं. सुरक्षारक्षक टेबल दाराला लावून त्यावर पाठ टेकून बसला होता आणि मोठ्यानं रडत होता.

तेव्हा बाहेर थोरल्याचा आवाज आला. तो ओरडत नव्हता, म्हणून बाकीचे गप्प झाले.

"काच फोडू नका रं. बाईंना भायेर येऊ द्या. त्यांना पाइप बगू द्या."

"आणि साहेब?" कुणीतरी विचारलं.

"पाइप खराब नसंल तर साहेब हायेच की तिथं."

मी बाहेर आले. हातात मटेरियल तपासायची गन होती. दिसायला ड्रिल मशीनसारखी, तोंड लोखंडाला टेकवून घोडा दाबला की आत कुठला धातू किती आहे ते पडद्यावर येतं. लाइनीचा फाटून सुटलेला तुकडा खाली ओल्या जमिनीवर पडला होता. माणसांनी मला वाट करून दिली. त्या वाटेनं चालताना कुणीतरी माझ्या मानेवर थुंकलं, मी मागं बघितलं नाही.

मी तुकडा घासला. गन टेकवली. क्रोमच्या पुढं काहीच आलं नाही. वाटलं गन बिघडली. यार्डातल्या चांगल्या पी इलेव्हनच्या तुकड्यावर लावली, तिथं सव्वा टक्का बरोबर आला. परत फाटलेल्यावर लावली. क्रोम नाहीच.

मग मी जोडाच्या बाजूला गेले, जिथं नाव ठोकलेलं असतं. लाल प्रायमरखाली अक्षरं बुजली होती. ब्रश नव्हता, कुणीतरी पॉलिश पेपर दिला. घासत घासत नाव वर आलं. पी आणि दोन एक, पी इलेव्हन. पण पी आणि पहिला एक बारीक ठिपक्यांचे होते. पाइप बनवणाऱ्या कारखान्यातलं यंत्र असंच ठोकतं, ठिपक्याठिपक्यांनी, म्हणजे लोखंडाला चीर जात नाही. दुसरा एक सलग रेघेचा होता. खोल, किंचित तिरका. हातानं आकड्याचा पंच धरून वर हातोडा मारलेला.

थोरला माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या हातातून पाणी गळत होतं.

"खरं सांगा," तो म्हणाला.

"हा पी वन आहे. पुढं एक मारून पी इलेव्हन केलाय."

"कुनी?"

"आपल्याकडं येण्याआधी. हा माल खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या गोडाऊनमधून आलाय. मी इथं लागायच्या आधीचा आहे. कागदावर नाव होतं, पाइपावर नाव होतं, तेव्हा कुणी याच्या पुढं बघितलं नाही."

"म्हंजे सायबांनी नाय."

"साहेबांनी नाही."

मी हे मुद्दाम मोठ्यानं बोलले, कारण केबिनमध्ये एक माणूस मरायला टेकला होता. आणि मी बोलले तेव्हा ही गर्दी कुठं जाणार हेही मला कळत होतं. दोन्ही मला एकदमच कळलं. गेटवर दोन पोलीस होते, त्यांना माणसांनी नुसतं बाजूला सारलं. कारखान्याचेच दोन टेंपो भरले. थोरला पुढच्या टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसला. त्याच्या मांडीवर घण होता, मोठ्या दांड्याचा, आम्ही फ्लँज, म्हणजे पाइपांच्या जोडाच्या चकत्या, सैल करायला वापरतो तो.

मी स्कूटर काढली. निघायच्या आधी गोडाऊनच्या शेठना फोन लावला. त्यांना मी ओळखत होते, ते दिवाळीला सगळ्या कारखान्यांत मिठाई पाठवायचे. "शेठ, गेट बंद करा आणि तुम्ही तिथून निघा. माणसं येतायत. लाइन फुटून आमचा एक गेलाय. पाइप तुमचा आहे."

शेठ म्हणाले, "येऊ दे की मॅडम. चहा पाजू सगळ्यांना. बसून बोलू."

मी पोचले तेव्हा गोडाऊनचं गेट जमिनीवर पडलं होतं. आत पाइपांच्या उंच थप्प्या होत्या, खाली लाकडी पाचरी लावून रोखलेल्या. कुणीतरी रागानं एका थप्पीची पाचर लाथेनं उडवली. पाइप सुटले. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला तो नंतर झोपेतही येतो. एकावर एक आदळत ते सगळे उतारानं गेले आणि गॅस कटरवर काम करणारा एक माणूस मध्ये सापडला. त्याचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता. त्याचा पाय गुडघ्याखाली चपटा झाला. तो ओरडत होता आणि त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. मी माझी ओढणी काढून त्याच्या मांडीला आवळून बांधली. गाठ दोनदा सुटली. आमच्यातल्याच एकाला मी कॉलरला धरून खाली बसवलं आणि सांगितलं, "हे धरून ठेव. सोडलंस तर हा मरेल." तो घाबरून धरून बसला.

शेठना ऑफिसातून बाहेर काढलं होतं. त्यांचा शर्ट फाटला होता आणि नाकातून रक्त येत होतं. त्यांना मारून झालं होतं बहुतेक, कारण आता सगळे गोल करून उभे होते आणि मध्ये थोरला होता. ऑफिसच्या बाहेर एक जाड लोखंडी ठोकळा होता, पाइपांवर नंबर ठोकायला वापरायचे तो. त्यावर नंबरच्या पंचांची लाकडी पेटी उघडी पडली होती. शून्यापासून नऊपर्यंत. थोरल्यानं शेठचा उजवा पंजा त्या ठोकळ्यावर ठेवला होता आणि दुसरा कुणीतरी त्यांचं मनगट गुडघ्याखाली दाबून बसला होता.

"हा येक कुनी मारला?" थोरल्यानं विचारलं.

"वरून तसाच आला. देवाशपथ."

थोरल्यानं घण उचलला आणि पंजाच्या शेजारी ठोकळ्यावर मारला. पंच उडून चहूकडं गेले. शेठ लहान मुलासारखे किंचाळले.

मी गर्दीतून आत शिरत होते. "थांब," मी म्हणत होते. "अरे, थांब. पोलीस येतायत."

थोरल्यानं परत विचारलं. आणि मग शेठ ते बोलले. त्यांनी ते कशासाठी म्हटलं, समजावायला की सुटायला, मला आजही सांगता येणार नाही. ते म्हणाले, "अरे बाबा, पी वन काय आणि पी इलेव्हन काय, दोन्ही बॉयलरचेच पाइप आहेत. नावाचा तर फरक आहे नुसता."

घण खाली आला. मी तेव्हा हातभर लांब होते. हाडांचा आवाज मोठा नव्हता. घण लोखंडावर वाजतो तो आवाज मध्येच दाबला गेल्यासारखा झाला, एवढंच. शेठच्या तोंडातून आवाज निघाला नाही, नुसतं तोंड उघडं राहिलं. थोरल्यानं घण परत डोक्यावर नेला आणि या वेळी त्याची नजर पंजाकडं नव्हती, डोक्याकडं होती.

मी त्याचा हात धरला. जो हाताला लागला तो धरला आणि तो भाजलेला डावा होता. माझी बोटं त्याच्या दंडाखाली बसली आणि कातडी सुटून माझ्या मुठीत आली, गरम, ओली. तो असा ओरडला की बाकीची माणसं मागं सरकली. घण त्याच्या हातातून मागं पडला. तो गुडघ्यांवर बसला आणि मी त्याच्या शेजारी, माझी मूठ अजून तशीच मिटलेली. ती उघडायची माझी हिंमत होईना.

मला त्या क्षणी एकच गोष्ट सुचली आणि ती मी केली. शेठच्या कानाजवळ वाकून विचारलं, "शेठ, बाकीचे पाइप कुठं गेले?"

ते माझ्याकडं बघत होते, पण त्यांना ऐकू जात नव्हतं. मी त्यांची हनुवटी धरून हलवली. "हे पी वन किती होते? आणखी कुणाला दिले? तिथं पण खाली माणसं काम करतायत."

थोरला माझ्याकडं बघत होता. बहुतेक तोपर्यंत त्याच्या मनात हे आलंच नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. तो शेठना म्हणाला, आता अगदी हळू, "बोला शेठ. मी परत हात लावनार नाय. बोला."

शेठनी एका कारखान्याचं नाव घेतलं. खोपोलीतलाच होता, तिथून जवळ. आमच्याच मालाबरोबर आलेले उरलेले पाइप त्यांच्या टर्बाइनच्या लाइनला गेले होते. आणि मग न विचारताच त्यांनी सांगितलं की पंच त्यांच्याच सांगण्यावरून मारला. बाजारात पी इलेव्हन मिळत नव्हता आणि गिऱ्हाईक घाई करत होतं. पोलिसांची गाडी फाट्यावरून आत वळली तेव्हा ते हे बोलत होते. ऐकणारे पुष्कळ होते, पण त्यातले बरेचसे पोलीस बघून भिंतीवरून उड्या मारून गेले. थोरला गेला नाही. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि हवालदारानं बेडी लावायला डावा हात धरला आणि तसाच सोडून दिला. बेडी न लावता त्याला गाडीत बसवलं.

मी त्याच अवस्थेत त्या दुसऱ्या कारखान्यात गेले. फोन केला होता, पण तिथले इंजिनियर म्हणाले होते की आमच्याकडं सर्टिफिकेट आहे, पाइपवर मार्किंगही आहे, बॉयलर असा एकदम बंद करता येत नाही. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. ओढणी नाही, भुवई फाटलेली, कुर्त्यावर तिघांचं रक्त आणि उजव्या हाताला जे लागलं होतं ते वाळून काळं झालेलं. मी म्हटलं, "मार्किंग आमच्याही पाइपवर होतं." त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि कंट्रोल रूमला फोन लावला.

वाफ बाहेर सोडायला लागले तेव्हा पुन्हा तसाच आवाज झाला. तो ठरवून केलेला, धोका नसलेला आवाज होता, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी त्यांच्या ऑफिसात टेबलाखाली जाऊन बसले. कुणीतरी माझ्याबरोबर खाली बसलं आणि आवाज थांबेपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवून राहिलं. कोण होतं ते मला आठवत नाही.

लाइन थंड झाल्यावर मीच जाऊन आवरण काढायला लावलं. त्यांच्या पाइपवरही ठिपक्यांचा पी, ठिपक्यांचा एक आणि पुढं सलग रेघेचा एक. त्या लाइनीच्या बरोबर खाली त्यांच्या माणसांची डबा खायची जागा होती. बाकं होती, पाण्याचा माठ होता.

कटरवाल्या माणसाचा पाय काढावा लागला. मेंटेनन्सचे साहेब वाचले, पण कामावर परत आले नाहीत. शेठवर खटला झाला, थोरल्यावरही झाला आणि दोन्हींत साक्षीदार मी. शेठच्या खटल्यात त्यांच्या वकिलांनी मला बराच वेळ नावांवरूनच फिरवलं. एकाच पाइपला दोन देशांत दोन नावं असतात की नाही? असतात. एका पाइपवर कधी कधी दोन्ही नावं ठोकतात की नाही? ठोकतात. मग नाव म्हणजे नुसता एक संकेत, बरोबर? मी म्हटलं, "बरोबर. पण तो लोखंडाबद्दलचा संकेत आहे. लोखंड न बदलता नाव बदललं, म्हणून माणूस गेला." वकील म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा.

थोरल्याच्या खटल्यात मला विचारलं, घण कुणी मारला. मी सांगितलं. चुकून पडला का? नाही. त्याच्या मागं शेवटच्या बाकावर धाकट्याची बायको बसली होती. लग्नात बघितलेली, त्यानंतर तिथंच बघितली. खालापूरच्या त्या कोर्टातून मी बाहेर आले तशी ती समोर आली आणि तिनं मला कानफटात मारली. पूर्ण ताकदीनं. माझा चष्मा पायऱ्यांवर गेला. तिनं दुसरी मारायला हात उचलला आणि मी तो अडवला नाही. दुसरीही बसली.

"त्याला मारनाऱ्याची बोटं मोडली तर तुमाला इतकं लागलं?" ती म्हणाली. "तो सांगायचा, मॅडम लई चांगल्या हायत."

शिपाई धावत आला. तक्रार द्यायची का, म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. ती तिथंच पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मी चष्मा शोधत होते. दिसेना. थोरल्यानं आणून दिला. तो जामिनावर होता. डाव्या हाताला कोपराखाली गुलाबी, चकाकती कातडी आली होती आणि तो हात आता पूर्ण सरळ होत नव्हता.

"तिला काय बोलू नका," तो म्हणाला.

"नाही बोलत."

"तुमी बगितलं ते सांगितलं. मी पन सांगनार हाय. मारला मी."

मी चष्मा पुसला. एक काच तडकली होती. त्याला विचारावं की नाही असं वाटत होतं, पण विचारलं. "मी हात धरला नसता तर डोक्यात घातला असतास?"

"व्हय."

"आता?"

त्यानं थोडा विचार केला. खोटं बोलायचा विचार करत नव्हता, खरं काय आहे ते बघत होता. "आता बी भेटला येकटा तर सांगता येत नाय, मॅडम. रोज येतं मनात. त्या दुसऱ्या कारखान्याचं आठवतं तवा थांबतं." मग म्हणाला, "तितले लोक हायत ना नीट?"

"आहेत. पाइप बदलला त्यांनी."

त्यानं मान हलवली. रस्त्यावर कर्जतकडं जाणारी टमटम उभी होती. त्यानं भावजयीला हाक मारली. ती उठली, डोळे पुसून माझ्या बाजूनं गेली आणि माझ्याकडं न बघता आत जाऊन बसली. तो चढताना उजव्या हातानं दांडा धरून चढला. माझ्या जबाबावर सही करायची राहिली होती, म्हणून मी परत आत गेले.